खिडकीतून टाकलेली बॅग

आमच्या स्टेशनावर गाडी एक मिनिट थांबते. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलीत, पण ते लिहिणारा माणूस आमच्या स्टेशनावर कधी उतरलेला नाही, हे मी छातीठोक सांगते. त्या एका मिनिटात उतरणाऱ्यांनी उतरायचं, चढणाऱ्यांनी चढायचं आणि सासरी निघालेल्या पोरीनं रडूनही घ्यायचं. प्लॅटफॉर्म असा बुटका, की डब्याची पायरी माझ्या कमरेला लागते. लुगड्यातल्या बाईनं तिथं चढायचं कसं? तर आधी तिच्या पिशव्या वर जातात, मग वरून एकजण हात धरतो आणि खालून दोघी ढकलतात. म्हणून आमच्या लाईनीवर कुणी कुणाला परकं राहत नाही. ज्या बाईला तुम्ही खांदा लावून वर चढवलंय, तिला पुढं दोन तास 'तुमचं गाव कोणतं' असं न विचारता बसून राहणं माणसाला शोभत नाही.

स्टेशन इस्लापूर आणि भोकरच्या दरम्यान आहे, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण यातले मास्तर अजून नोकरीत आहेत आणि माणूस भला आहे. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, एक सिमेंटचा बाक, एक चहाचा गाडा, आणि सातबारा आपल्याच नावावर असल्यासारख्या फिरणाऱ्या शेळ्या. मास्तर तेलंगणाकडचे. मराठी त्यांनी आमच्याकडूनच उचललं, त्यामुळं शिव्या आधी आल्या आणि बाकीचं अजून येतंय. तिकीट तेच देतात, फोन तेच घेतात आणि गाडी आली की हिरवा झेंडा घेऊन तेच बाहेर येतात. म्हणजे ज्या घडीला लोकांना तिकिटाची सगळ्यात जास्त निकड, नेमकी त्याच घडीला तिकिटाची खिडकी बंद. यावरून मी त्यांच्याशी तीनदा भांडले आहे. ते शांतपणे म्हणतात, "म्याडम, मी एकच आहे ओ." 

मी गावात शिवणकाम करते. निम्म्या गावातल्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, म्हणून माझ्याशी सहसा कुणी वाकड्यात शिरत नाही. स्वभाव माझा तापट आहे. तो लपवायचा मी कधी प्रयत्न केला नाही, कारण लपत नाही. आमचे हे म्हणतात की मी देवाला नमस्कारसुद्धा जाब विचारल्यासारखा करते. असू दे. सांगायचा मुद्दा हा, की पुढं जे घडलं ते माझ्या तापटपणामुळं घडलं नाही. ते माझ्या हुशारीमुळं घडलं.

हुशारी कसली, तर जागा धरायची. ही आमच्याकडची विद्या आहे. तिचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण मोडले तर कुणी खपवून घेत नाही. गाडी हळू होताना खिडकीच्या गजांतून रुमाल आत टाकायचा. रुमाल ज्या जागेवर पडला ती जागा तुमची. आतला माणूस तुमचा सख्खा वैरी असला, तरी तो रुमाल उचलून बाजूला ठेवणार नाही. टोपी चालते, उपरणं चालतं, पिशवी तर उत्तमच. वर्तमानपत्र चालत नाही, ते कुणीही वाचायला उचलतं. चपलेवरून वाद आहेत. आमच्याकडं चालते, किनवटकडचे मानत नाहीत. एका आजोबांनी घाईघाईत कवळी ठेवली होती असं सांगतात. त्या जागेवर भोकरपर्यंत कुणी बसलं नाही, आणि शेजारच्या दोन जागाही रिकाम्याच गेल्या.

आता गजांतून रुमाल काय, कुणीही टाकेल. पण डब्यात एक खिडकी बिनगजाची असते, संकटकाळी बाहेर पडायची. ती आमच्या प्लॅटफॉर्मवर कुठं येऊन थांबते, हे मी कित्येक वर्षं बघून ठेवलंय. पाण्याच्या नळापासून सात पावलं भोकरच्या बाजूला. बाकीचं जग त्या खिडकीतून संकटात बाहेर पडत असेल, मी तिच्यातून पिशवी आत टाकते आणि मग दाराकडं आरामात जाते. गावात माझी ही कीर्ती आहे. नव्या सुनांना सासवा सांगतात, शिंपीणबाईसंगं जा, जागा मिळते.

गोष्ट मागच्या वर्षीची, दसऱ्याच्या आधीची. मुलीचं नर्सिंगच्या दुसऱ्या यादीत नाव लागलं. पहिल्या यादीत नव्हतं, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही आणि मी चार ब्लाऊजांच्या बाह्या उलट्या लावल्या. दुसऱ्या यादीत शेवटून तिसरं नाव. नांदेडच्या कॉलेजात मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं, शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचच्या आत. नाही पोचलात तर खालच्या नंबरवालीला बोलावणार. फोनवरच्या बाईनं हे तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना तिच्या आवाजात मला जरा आनंद वाटला.

एसटीनं का नाही गेलात, असं मला नंतर सगळ्यांनी विचारलं. मुलीला एसटी लागते. गाडी सुटली की पंधरा मिनिटांत तिचं तोंड खिडकीबाहेर. त्यात आमचा रस्ता दोन वर्षांपासून खोदून ठेवलाय. रेल्वेत तिला काही होत नाही. म्हणून सकाळची गाडी.

बॅग मीच शिवलेली, उरलेल्या तुकड्यांची, अर्धी लाल अर्धी निळी. तिच्यात मुलीचे सगळे कागद. दहावी, बारावी, टीसी, डोमिसाईल, जातीचा दाखला. त्या एका दाखल्यासाठी मी तहसीलला इतक्या चकरा मारल्या, की शेवटी तिथल्या शिपायानं बहिणीच्या लग्नातले ब्लाऊज माझ्याकडं शिवायला टाकले. कागदांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर धपाट्यांचा डबा. निघताना यांनी बजावलं होतं, बॅग हातातून सोडू नको. मी म्हटलं, मला काय कळत नाही का?

स्टेशनावर ही गर्दी! दसऱ्याच्या आधीची सगळी खरेदी, सगळी माहेरं, सगळे दवाखाने त्याच दिवशी निघालेले. घरच्या रिवाजाप्रमाणे मुलगी तिकिटाच्या रांगेत, मी नळापासून सात पावलांवर. गाडी आली. आत माणसं अशी दाटलेली, की मला कळून चुकलं, इथं रुमालानं भागायचं नाही. इथं वजनदार काहीतरी पाहिजे. बिनगजाची खिडकी बरोबर माझ्यासमोर आली, आत खिडकीजवळच्या जागेवरून एक माणूस उतरायला उठला, आणि त्याचं बूड पुरतं सुटायच्या आत मी बॅग आत टाकली. काय नेम बसला म्हणून सांगू! दोन्ही बंद वर, जागेच्या मधोमध.

मग मी दाराकडं गेले, आणि मला दोघींनी ढकलून वरही चढवलं. वळून बघते तर मुलगी नाही. ती तिकिटाच्या खिडकीपाशी, कारण मास्तर झेंडा घ्यायला उठले आणि तिचं तिकीट त्यांच्या हातातच राहिलं. मी ओरडले. तिला ऐकू गेलं नाही. आता मुलगी खाली आणि मी वर, असं कसं चालेल? मी उतरले. पळत तिच्यापाशी गेले, तिचा हात धरला, आणि आम्ही दोघी वळलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा आमच्यासमोरून जात होता.

मुलगी माझ्यासारखी नाही, शांत आहे. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडं पाहिलं.

"आई, बॅग?"

मी गेलेल्या गाडीकडं बोट केलं.

"आई, तू माझे सगळे कागद एका सीटसाठी टाकलेस?"

"एका नाही," मी म्हटलं, "सरकून घेतलं असतं तर दोघी बसलो असतो."

मास्तर झेंडा गुंडाळत होते. मी त्यांच्या अंगावर गेले. "मास्तर, गाडी थांबवा!"

"आता कसं थांबवू म्याडम? ते एसटी नाही ओ, घंटी मारून थांबायला."

मग मला रडू आलं. मी रडते तेव्हा लोक जास्त घाबरतात, सवय नसते ना. मास्तरांनी घाईनं मला बाकावर बसवलं, मुलीच्या हातात तिचं तिकीट दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन पुढच्या स्टेशनाला फोन लावला. लाल-निळी बॅग, बिनगजाची खिडकी, मधला डबा. उतरवून ठेवा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल. "झालं म्याडम. टेन्शन नको," म्हणाले. चहावाल्यानं न मागता दोन चहा दिले. वीस मिनिटांनी फोन वाजला. मास्तर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता.

"बॅग आहे म्याडम. पण लोक देत नाही."

"देत नाहीत म्हणजे?"

"पुढचा मास्तर स्वतः गेला. तिथं एक म्हातारी आहे. ती बोलली, जागा धरलेली आहे, बाई दुसऱ्या दारानं चढली, गर्दीत अडकली, आता येणार. बॅगला हात लावू नको. तो बोलला, मी स्टेशन मास्तर. ती बोलली, मास्तर तर झेंडा दाखव जा, इथं काय काम? तुझ्या पाहुण्याला बसवायला आला का?"

"मग?"

"मग पूर्ण डबा तिच्या बाजूनं झाला. आणि एक मिनिट संपला."

मी कपाळावर हात मारून घेतला. डब्यातले लोक चुकीचं वागले असते तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, उलट मास्तरांची टोपी उडवली असती.

मास्तर म्हणाले, "तुम्ही मुदखेड गाठा. आपली गाडी तिथं रोज अर्धा तास उभी राहते, मेन लाईनच्या गाड्या आधी सोडतात." त्या अर्ध्या तासाला मी आजवर किती शिव्या घातल्यात, त्याचा हिशेब नाही. त्या दिवशी मनातल्या मनात माफी मागितली.

स्टेशनाबाहेर केळी उतरवून रिकामा चाललेला एक छोटा हत्ती टेम्पो उभा होता. चालवणारा माझ्या एका गिऱ्हाइकाचा दीर. तो म्हणाला, मुदखेडवरूनच जातो काकू, चला. पुढं एकच जागा. तिथं मुलीला बसवलं, कारण तिला खिडकी लागणार हे ठरलेलंच होतं. मी मागं, केळीच्या सुकलेल्या पानांवर, दोराला धरून. सत्तेचाळीस वर्षांची बाई, नवी कोरी साडी, आणि खड्डा आला की मी एकीकडं आणि पदर दुसरीकडं. पुढून मुलीचं ओकणं ऐकू येत होतं. दहाव्या मिनिटालाच सुरू झालं.

तशात मला आठवलं, भोकरला माझा मावसभाऊ राहतो. गाडी भोकरला दोन मिनिटं थांबते. एका हातानं दोर आणि एका हातानं फोन धरून मी त्याला सगळं समजावलं. जा, गाडीत चढ, बॅग घे, खाली उतर. एवढं सोपं काम. तो बिचारा मोटरसायकल काढून निघाला. पाऊण तासानं त्याचा फोन आला, धापा टाकत.

"अक्का, मला छत्रीनं मारलं."

"कुणी?"

"एका म्हातारीनं. चांगली दारापाशी व्हती, गठुडं घेऊन. मला वाटलं उतरून राहिली. मी आत जाऊन ब्यागेला हात लावला, तशी माघारी फिरली की! चोर चोर म्हणून सारा डबा उठवला."

"अरे, माझी आहे म्हणून नाही सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणली, मग ती कुठाय? तिला घेऊन ये. अक्का, गाडी हालली म्हणून उडी टाकली, न्हाईतर माझी पूजाच बांधली असती."

त्या म्हातारीचा मला असा संताप आला! अगं बये, तुझं काय जातंय? माझ्या पोरीचं आयुष्य त्या बॅगेत आणि तू तिच्यावर नागोबासारखी बसलीस! टेम्पोच्या मागं एकटीच मी मोठ्यानं बोलत होते. भेट तू मुदखेडला, तुला दाखवते. तिला ऐकवायला चार वाक्यं मी पाठ करून ठेवली. त्यातलं तिसरं तर असं होतं, की मला स्वतःलाच भीती वाटली.

मुदखेडला पोचलो तर गाडी उभी होती. देव पावला म्हणायचं, दुसरं काय! मुलीचा रंग पिठासारखा झालेला, तिला ओढतच मी जिना चढले, जिना उतरले, मधला डबा शोधला आणि माणसांच्या बगलांखालून आत शिरले.

डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं बाकांवर, माणसं वरच्या फळ्यांवर, माणसं संडासाच्या दारात. एक बाप पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. आणि त्या सगळ्या दाटीत, खिडकीजवळची एक जागा पूर्ण रिकामी. तिच्या मधोमध माझी लाल-निळी बॅग, दोन्ही बंद वर. शेजारी ती म्हातारी उभी. पदर खोचलेला, एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं फळीची साखळी धरलेली, आणि एक पाय दुखत असावा म्हणून सारा भार दुसऱ्यावर दिलेला. माझी पाठ केलेली चारही वाक्यं गेली कुठं, मला कळलं नाही.

"मावशी, ही बॅग माझी आहे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. केसांत केळीच्या पानाचा तुकडा, साडीला चीक.

"समदे तेच म्हणून राहिले सकाळपासून. आत काय हाय सांग."

"मुलीचे कागद."

"कागद समद्यांपाशी असतात. आनखी?"

"धपाट्यांचा डबा."

"कशाचे?"

"ज्वारीचे!"

तिनं चेन उघडली, डब्याचं झाकण वर करून वास घेतला आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मेथी हाय याच्यात. मेथी न्हाई म्हणली ही."

"मेथी आहे! मेथी घातलीय! शेंगदाण्याची चटणीही आहे, खाली बघा!" मी ओरडले. वरच्या फळीवरून कुणीतरी म्हणालं, आजी, पटतंय, द्या. पण आजीला पटलं नव्हतं. तिनं प्लास्टिकमधला वरचा कागद काढला. वाचता येत नव्हतं, पण त्यावर मुलीचा फोटो होता. आमच्याकडच्या स्टुडिओत काढलेला, त्यात ती तापातून उठल्यासारखी दिसते. म्हातारीनं फोटो मुलीच्या तोंडाजवळ धरला. रस्ताभर ओकून पांढरी पडलेली माझी लेक त्या फोटोसारखीच दिसत होती, हुबेहूब.

"हीच हाय," म्हातारी म्हणाली. "बस गं बाई."

मुलगी बसली. बॅग छातीशी धरली. डब्यातली माणसं बाजूला सरून तिच्या पायाला जागा करून देत होती. कुणाचीही कुरकुर नाही, की आम्ही कधीचे उभे आणि ही आत्ता येऊन बसली. धरलेली जागा होती, धरणारी आली, विषय संपला.

मी म्हटलं, "मावशी, बॅग मांडीवर घेऊन तुम्ही तरी टेकायचं होतं की."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं मी काही वंगाळ बोलले. "दुसऱ्याच्या धरल्या जागेवर बसू?"

मग तिनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं, "हितून भोकरला माघारी गाडी कव्हा हाय?"

"भोकरला? ते तर मागं गेलं मावशी."

"ठाऊक हाय. तितंच उतरायचं व्हतं मला. लेकीचं डोहाळजेवण हाय आज, दुपारच्याला. दारापतुर गेले व्हते. तेवढ्यात एक मुडदा आला, ब्यागेला हात लावून राहिला. मी माघारी फिरले, त्याला हाणला, तवर गाडी हालली." तिनं काखेतलं गाठोडं दाखवलं. त्यात माहेरची हिरवी साडी होती. "एकदा म्हणलं, याच्या-त्याच्या हाती सोपवावी अन् उतरावं. पर भरवसा कुणाचा धरावा? कागद व्हते त्याच्यात, हाताला लागले व्हते मला."

तो मुडदा माझा भाऊ होता, आणि त्याला मी पाठवलं होतं. हे तिला सांगायला माझी जीभ वळेना.  घड्याळात साडेअकरा. भोकरकडं जाणारी गाडी संध्याकाळी. म्हातारी मुदखेडला आयुष्यात पहिल्यांदा आलेली, फोन नाही, लेकीचा नंबर पाठ नाही, लेकीचं सासर तिची वाट बघत बसलेलं.

मुलगीच म्हणाली, "आई, तू मावशींना घेऊन जा. मी जाते एकटी."

"एकटी? वेडी का काय? कॉलेज कुठंय माहीत आहे का तुला? रिक्षावाला कुठंही नेईल."

"आई, नांदेड आहे, लंका नाही."

"आणि कागदात काही कमी निघालं तर? भांडायला कोण आहे तिथं?"

"म्हणूनच एकटी जाते," ती म्हणाली, आणि डब्यातली चार माणसं हसली. मला राग आला, पण गाडीनं शिट्टी दिली. वरच्या फळीवरचा माणूस म्हणाला, जा बाई, मी सोडतो पोरीला रिक्षात. मी त्याला त्याचं गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, आणि मग मावशीचा हात धरून उतरले. माझी लेक एकटी कुठं गेली नव्हती. शाळेच्या सहलीलासुद्धा मी मागं बसून गेले होते.

भोकरची जीप भरेपर्यंत बसावं लागलं. वाटेत मी मावशीला खरं सांगून टाकलं, की तो चोर माझा मावसभाऊ होता. तिनं छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मंग बरं झालं हाणला. सांगून यावं माणसानं." आणि धपाट्याचा तुकडा मोडला. बॅग मुलीबरोबर जाताना डबा तेवढा मी काढून घेतला होता.

मावशीच्या लेकीच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. दारात मांडव, आत बायका जेवून सुस्तावलेल्या. लेक सजवलेल्या खुर्चीत, अंगावरचे फुलांचे दागिने माना टाकलेले, डोळे सुजलेले. माहेरची हिरवी साडी आल्याशिवाय ओटी भरून घेणार नाही म्हणून हटून बसलेली. तिची सासू म्हणाली, "या विहीणबाई. आम्हाला वाटलं, आता बारशालाच येता." बायका पदराआड हसल्या. मावशीनं मान खाली घातली. स्टेशन मास्तरला हाकलून देणारी बाई, पण तिथं नुसती गाठोड्याची गाठ चाचपत राहिली.

"एका पोरीचे कागद व्हते गाडीत," ती लेकीला म्हणाली. "नर्सबाई व्हायची हाय ती. म्हणून..."

"कोण पोरगी? आपली कोण लागते?"

"कुणी न्हाई."

"परक्या पोरीपायी?" लेक रडतच म्हणाली. "अन् मी इथं सकाळपासून तोंड लपवून बसले, त्याचं काय?"

मी उंबऱ्यातच उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी पुढं झाले, म्हटलं चूक माझी आहे, माझीच बॅग, मीच टाकली. कुणी लक्ष दिलं नाही. लेकीनं साडी घेतली आणि आतल्या खोलीत गेली. जरा वेळानं आतून पुन्हा रडणं. साडीबरोबरचा हिरवा ब्लाऊज तिच्या लग्नातल्या मापाचा शिवलेला, दंडातून वरच जाईना.

हे मात्र माझं राज्य होतं. सुई-दोरा आणि छोटी कात्री माझ्या पर्समध्ये कायम असते. मी आत गेले, ब्लाऊज हातात घेतला आणि दोन्ही बाजूंच्या शिलाया उसवायला बसले. शिवणाऱ्यानं आत कापड बरं सोडलं होतं, माणूस जाणता असणार. लेक पदर पांघरून भिंतीशी तोंड करून बसलेली.  मावशी दारात उभी. बाहेर बायका म्हणत होत्या, बसा की, चहा घ्या. ती बसली नाही.

"आला का फोन?" तिनं विचारलं.

"नाही मावशी."

चार वाजले. बाह्या झाल्या. सव्वाचार. "आला का?" "नाही." मी दोनदा लावून पाहिला, मुलगी उचलत नव्हती. सुई बोटात गेली. मनात नको नको ते येत होतं. टीसीवर शिक्का पुसट होता. दाखल्यावर नाव अर्धंच होतं. खालच्या नंबरवाली दारातच बसलेली असणार. साडेचार. "लाव की गं आनखी एकदा," मावशी म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. भिंतीकडं तोंड केलेल्या लेकीनं मान वळवून आईकडं बघितलं.

पावणेपाचला फोन वाजला. माझ्या तोंडात सुई, दोन्ही हातांत ब्लाऊज. लेकीनंच फोन उचलून माझ्या कानाला लावला.

"आई, झालं," माझी मुलगी म्हणाली. "सगळे कागद तपासले, सही झाली, ॲडमिशन झालं. लई लांब लाईन होती, फोन बाहेर ठेवायला लावला. आई? ऐकतेस ना?"

 सुई तोंडात आणि डोळ्यांतून नुसत्या धारा. मावशीनं माझं तोंड बघितलं आणि दाराची चौकट धरली. "काय झालं? न्हाई झालं का? बोल ना गं बाई!"

मी सुई काढली. "झालं मावशी. घेतलं तिला."

मावशी खाली बसली, मटकन, उंबऱ्यातच. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा बसली ती. तिनं दोन्ही हातांनी तोंडावरचा घाम पुसला आणि माझ्याकडं नाही, आपल्या लेकीकडं बघून म्हणाली, "बघ. झालं तिचं. मी काय उगं उभी व्हते का?"